आफ्रिकान्स शाळेत मुलाला घालण्याआधी आणि घातल्यावर

दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया किंवा सेंच्युरियनला नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबाचे पहिले काही आठवडे घर, गाडी आणि बँक यांतच जातात. शाळेचा प्रश्न त्यानंतर पुढे येतो. घराजवळ एखादी विटांची मोठी शाळा दिसते. भोवती मोठमोठी मैदाने, पोहण्याचा तलाव, फाटकावर ‘हूअरस्कूल’ (माध्यमिक शाळा) अशी पाटी. शाळा सरकारी, निकाल चांगला, फी खासगी शाळेच्या मानाने बरीच कमी. शिकवण्याचे माध्यम मात्र आफ्रिकान्स. मग मला फोन येतो : “ताई, आपल्या मुलाला तिथं झेपेल का? आणि मुळात आपल्याला घेतील का?”

घेतील. झेपेल की नाही हे मुलाच्या वयावर आणि तुमच्या घरच्या तयारीवर आहे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. माझी दोन्ही मुले अशाच शाळेतून मॅट्रिक, म्हणजे इथली बारावी, झाली. मी मूळची बेळगावची, त्यामुळे शाळेचे माध्यम कोणते यावरून माणसे रस्त्यावर का उतरतात, हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही. म्हणूनच प्रवेशअर्जाच्या आधी मी नव्यांना या शाळांचा इतिहास सांगते. एका समाजाने आपली भाषा जगावी म्हणून या शाळा वर्गणी काढून, हट्टाने उभ्या केल्या. पुढे त्याच भाषेच्या सक्तीपायी दुसऱ्या समाजाच्या मुलांनी गोळ्या खाल्ल्या. या दोन्ही गोष्टी ठाऊक असल्या की शाळेत दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टींचा अर्थ लागतो. एकच ठाऊक असली, तर तुम्ही एक तर भारावून जाता, नाही तर पहिल्याच दिवशी मनात अढी धरता.

शाळा कुठून आल्या

सतराव्या शतकात केपमध्ये उतरलेल्या डच लोकांच्या बोलीतून आफ्रिकान्स आली, इतके बहुतेकांना माहीत असते. पण ती काही एकट्या गोऱ्यांनी घडवली नाही. मूळचे खोई लोक, आणि बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा, इंडोनेशियाची बेटे, मादागास्कर इथून गुलाम करून आणलेली माणसे, या सगळ्यांच्या तोंडी ती रुळत गेली. एकोणिसाव्या शतकात केप टाउनच्या मदरशांत ती अरबी लिपीत लिहिली जायची. रत्नागिरीकडून केप टाउनला जाऊन स्थायिक झालेल्या कोकणी मुसलमानांच्या पुढच्या पिढ्यांनीही ती आपलीशी केली. आज आफ्रिकान्स घरात बोलणाऱ्यांमध्ये गोऱ्यांपेक्षा कलर्ड, म्हणजे मिश्र वंशाच्या, समाजाची माणसे जास्त आहेत. प्रिटोरियाच्या पूर्व उपनगरांत राहून हे लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

१८७५ साली पार्ल गावात काही जणांनी या बोलीला लिखित भाषेचा मान मिळावा म्हणून संस्था काढली. तोवर चर्चमध्ये आणि कागदोपत्री डच, सरकारदरबारी इंग्रजी, आणि आफ्रिकान्स म्हणजे स्वयंपाकघरातली भाषा असा समज होता. मग इंग्रज आणि बोअर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणारे गोरे शेतकरी, यांच्यात १८९९ ते १९०२ चे बोअर युद्ध झाले. इंग्रजांनी शेते जाळली आणि बायका-मुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत सुमारे २८,००० बोअर माणसे मेली, त्यांत बहुसंख्य मुले होती. कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या छावण्या होत्या आणि तिथेही हजारो माणसे दगावली. बोअरांच्या आठवणींत या दुसऱ्या छावण्यांना फार काळ जागा नव्हती. युद्धानंतर ब्रिटिश प्रशासक लॉर्ड मिल्नर यांनी शाळा इंग्रजी करण्याचे धोरण राबवले. त्याला उत्तर म्हणून बोअर समाजाने पदरच्या पैशांनी स्वतःच्या ‘ख्रिस्ती-राष्ट्रीय’ शाळा चालवल्या. हरलेल्या, कफल्लक झालेल्या लोकांनी पहिल्यांदा हाती घेतले ते शाळांचे काम. आजही या शाळांतले पालक शाळेसाठी इतके राबताना दिसतात, त्याचे मूळ तिथे आहे.

१९१४ पासून प्राथमिक वर्गांत आफ्रिकान्सला वाट मिळू लागली. १९२५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि १९३३ मध्ये संपूर्ण बायबल आफ्रिकान्समध्ये आले. माध्यमिक शाळा याच वर्षांत उभ्या राहिल्या. प्रिटोरियात १९२० साली आफ्रिकान्स माध्यमाची माध्यमिक शाळा निघाली आणि १९३० मध्ये तिच्या मुलांची आणि मुलींची अशा दोन शाळा झाल्या. मुलांच्या शाळेला सगळे ‘आफीज’ म्हणतात. एबी डिव्हिलियर्स आणि फाफ डू प्लेसी दोघेही तिथलेच विद्यार्थी. आपल्या पोरांना ही शाळा माहीत असते ती या दोघांमुळे, आणि फाफ पुण्याच्या आयपीएल संघातूनही खेळला असल्यामुळे थोडी जास्तच आपली वाटते. जोहान्सबर्गला १९२१ मध्ये हेल्पमकार निघाली, केप टाउनला १९२६ मध्ये यान फान रिबेक. हेल्पमकार हे नाव एका निधीवरून आले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने उतरायला विरोध करणाऱ्या १९१४ च्या बंडात सामील झालेल्या बोअरांना झालेले दंड भरण्यासाठी लोकांनी वर्गणी जमवली होती, आणि त्या चळवळीतून उरलेला पैसा पुढे शिक्षणाकडे वळला. दंड भागल्यावरही वर्गणी थांबली नाही, यावरून त्या काळच्या लोकांची जिद्द कळते.

आता दुसरी बाजू. १९४८ मध्ये वर्णभेदाचे धोरण राबवणारी नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि या शाळा सत्ताधाऱ्यांच्या शाळा झाल्या. पैसा, मैदाने, प्रयोगशाळा, वसतिगृहे सगळे आले. दुसरीकडे १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांना मुद्दाम हलक्या दर्जाचे शिक्षण दिले. भारतीयांसाठी वेगळ्या वस्त्या आणि वेगळ्या शाळा ठरल्या. मराबास्टाडमधून उठवलेले प्रिटोरियाचे भारतीय लॉडियमला गेले ते याच धोरणामुळे. तुमच्या घराजवळच्या या सुंदर शाळेत त्या काळी आपल्या मुलाला प्रवेश मिळाला नसता, हे विसरू नका आणि मुलालाही सांगा. १९७४ मध्ये सरकारने कृष्णवर्णीय शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याचा हुकूम काढला. शिक्षकांनाच ती भाषा धड येत नव्हती, मुलांना गणित समजणार कसे? १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीय वस्तीतली मुले शांतपणे मोर्चा घेऊन निघाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन गेला. तो दिवस आता युवा दिन म्हणून सुट्टीचा असतो. मुलांना घेऊन एकदा सोवेटोतले त्याच्या नावाचे स्मारक-संग्रहालय जरूर पाहा. शक्यतो शाळा सुरू होण्याआधीच पाहा.

आज कायदा काय म्हणतो

१९९० नंतर दारे सगळ्यांना उघडली. १९९६ च्या शाळा कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला निवडून आलेले नियामक मंडळ दिले. त्यात पालकांचे बहुमत असते, आणि शाळेची भाषा ठरवण्याचा अधिकारही या मंडळाला मिळाला. वंशावरून प्रवेश नाकारता येत नाही. पण फक्त आफ्रिकान्समधून शिकवायचे म्हटले की, ती भाषा न येणारे मूल आपोआप बाहेर राहते, आणि वाद तिथेच पेटतो. म्पुमलांगा प्रांतातल्या एरमेलो शाळेचे प्रकरण सर्वोच्च घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. आठवीच्या ११३ मुलांना इंग्रजीतून शिकायचे होते आणि जवळपास जागा नव्हती. २००९ मध्ये न्यायालयाने सांगितले की प्रांतिक खात्याने मंडळाला बाजूला सारले ती रीत बेकायदा होती. पण भाषेच्या बाबतीत मंडळाचा शब्द अंतिम नाही, शाळेने आसपासच्या मुलांची गरजही पाहिली पाहिजे. २०१८ च्या जानेवारीत फेरीनिखिंगच्या ओफरफाल शाळेबाहेर ५५ मुलांच्या प्रवेशावरून निदर्शने झाली. त्या वेळी न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी ‘बेला’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्ती कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो पूर्ण लागू झाला. आता मंडळाने ठरवलेले भाषाधोरण प्रांताच्या शिक्षणप्रमुखांच्या मंजुरीला जाते.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की शाळा पाहायला जाल तेव्हा माध्यमाबद्दल मोकळेपणाने विचारा. इंग्रजी तुकड्या आहेत का, निघणार आहेत का, ठाम उत्तर मागा. काही शाळा दोन्ही माध्यमांच्या समांतर तुकड्या चालवतात, आणि नव्याने आलेल्या मोठ्या मुलासाठी तो मार्ग बहुधा बरा. मात्र शाळेच्या आवारात, इतर पालकांबरोबर चहा घेताना, या वादावर पहिल्याच वर्षी मते मांडू नका. समोरची तान्नी (काकू) ज्या काळजीने बोलते ती खरी असते. शेजारी उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय वडिलांची आठवणही तितकीच खरी असते. आधी दोघांचे ऐका.

घालावे की नाही

माझे मत स्पष्ट आहे. मूल पहिली-दुसरीच्या वयाचे असेल आणि तुम्ही इथे दीर्घकाळ राहणार असाल, तर आफ्रिकान्स प्राथमिक शाळेपासून सुरुवात करा. वर्षभरात मूल बोलू लागते. माध्यमिक शाळा आठवीपासून बारावीपर्यंत असते. प्राथमिकमध्ये पाया झालेला असेल तर आठवीत काहीच अवघड जात नाही. पण मूल थेट तेराव्या वर्षी पुण्याहून किंवा नाशिकहून येत असेल, तर केवळ शाळा छान आहे म्हणून त्याला शुद्ध आफ्रिकान्स वर्गात बसवू नका. गणित, भौतिकशास्त्र, इतिहास सगळे नव्या भाषेत, आणि त्यात वयही असे की चुकीचा शब्द तोंडातून गेला की पोर गप्प बसते. अशा मुलाला समांतर माध्यमाची किंवा इंग्रजी शाळा बघा. तिथेही दुसरी भाषा शिकावीच लागते, आणि प्रिटोरियात ती बहुतेक वेळा आफ्रिकान्सच असते. परदेशातून उशिरा आलेल्या मुलांसाठी मॅट्रिकच्या भाषाविषयांत सवलतीची तरतूद आहे. मूल कोणत्या इयत्तेत इथे दाखल झाले यावर ती अवलंबून असते, म्हणून प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारून घ्या.

दोन-तीन वर्षांत बदली होऊन दुबई किंवा सिडनीला जाण्याची शक्यता असेल, तर या वाटेला जाऊच नका. मुलाने मेहनतीने मिळवलेली भाषा ऐन उपयोगाच्या वेळी मागे राहते.

मॅट्रिकला सात विषय असतात : दोन भाषा, गणित किंवा व्यवहारगणित, जीवनकौशल्यांचा एक विषय आणि आवडीचे तीन. गणित-विज्ञानाच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि आफ्रिकान्स दोन्हींत निघतात. विद्यापीठात मात्र चित्र बदलले आहे. प्रिटोरिया विद्यापीठाने २०१९ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी हेच शिकवण्याचे माध्यम केले. म्हणजे बारावीपर्यंत आफ्रिकान्स आणि पुढे अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय इंग्रजीतून. आपल्याकडे मराठी माध्यमातून येऊन इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात बसलेल्यांना ही उडी नवी नाही. अकरावीपासून घरी विज्ञानाची इंग्रजी पुस्तके वाचायला लावा, म्हणजे पहिल्या सहामाहीत मूल अडखळत नाही.

भाषा शिकायला सोपी आहे. क्रियापदे पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाहीत, नामांना लिंग नाही. ‘तो-ती-ते’ सांभाळत वाढलेल्या मराठी मुलाला हे फारच हलके वाटते. घशातला ‘ख’ जमायला थोडे दिवस लागतात, इतकेच. तुम्हीही शिका. आईवडिलांना चार वाक्ये बोलता आली तरी शाळेतली माणसे किती मोकळी होतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

शाळेतला दिवस

शाळा सकाळी साडेसातच्या आसपास भरते आणि दुपारी दोनच्या सुमारास सुटते. पण सुटते म्हणजे वर्ग सुटतात. मूल तिथून मैदानावर, गायनवृंदात किंवा नाटकाच्या तालमीला जाते आणि संध्याकाळी घरी येते. हा वेळ शाळेचाच भाग मानला जातो. दोन वाजता मुलाला घेऊन थेट शिकवणीला नेणारे आपल्यातले पालक असतात. तसे करू नका. वर्गात मुलाची ओळख होते, पण मैत्री दुपारी होते.

वडीलधाऱ्यांना मान देणे इथे फार कसोशीने पाळतात. शिक्षकाला ‘मेनीर’, शिक्षिकेला ‘यफ्राउ’, मित्राच्या वडिलांना ‘ओम’, आईला ‘तान्नी’. आपल्या काका-काकूंच्या सवयीमुळे मुलांना हे जड जात नाही. तुम्हालाही शाळेतली मुले ओम आणि तान्नी म्हणतील. शिक्षक वर्गात आले की उभे राहणे, वाटेत भेटले की ‘खुया मोरे’ म्हणणे, मोठ्या माणसासाठी दार धरणे, या बाबतीत आमच्या शाळेतली मुले मला नेहमी कौतुकास्पद वाटली. मारणे कायद्याने पूर्ण बंद आहे. शिस्त गुण कापून, शनिवारी थांबवून किंवा पालकांना बोलावून राबवतात. केसांची लांबी, मोज्यांचा रंग, ब्लेझरचे बटण यांवर मात्र बारीक नजर असते. कानातले, हातातला लाल दोरा, कडे, कपाळावरची टिकली याबद्दल आधीच पत्र लिहून विचारा. धार्मिक कारण नीट समजावले तर बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते. न विचारता मुलाला पाठवले, तर वर्गासमोर त्यालाच उत्तर द्यावे लागते.

प्रार्थनेचा प्रश्न हमखास येतो. बहुतेक आफ्रिकान्स शाळांत आठवड्याची सभा बायबलमधल्या उताऱ्याने आणि प्रार्थनेने सुरू होण्याची परंपरा आहे. २०१७ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी शाळेला एकाच धर्माची शाळा म्हणून स्वतःला मिरवता येणार नाही. प्रार्थनेत भाग घेणे ऐच्छिकच आहे. आमच्या घरी आम्ही मुलांना सांगितले होते की सगळे मान खाली घालतील तेव्हा तुम्हीही शांत उभे राहा आणि मनात आपले ‘शुभं करोति’ म्हणा. कुणी कधी हटकले नाही. तुम्हाला ते नको असेल तर मुलाला सभेतून सूट मागता येते, तो तुमचा हक्क आहे.

थंडीबद्दल एक सूचना. जून-जुलैत पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि वर्गात हीटर असेलच असे नाही. गणवेशाच्या आत घालायचे गरम कपडे मे महिन्यातच घेऊन ठेवा.

मैदान, आणि शनिवारचा दिवस

उन्हाळ्याच्या सत्रांत क्रिकेट, पोहणे आणि ॲथलेटिक्स असते, हिवाळ्यात मुलांचे रग्बी, मुलींचे नेटबॉल आणि दोघांचे हॉकी. पण शाळेचा प्राण रग्बी. हे समजून घ्यायला मला वेळ लागला, कारण आपल्याकडे शाळेच्या सामन्याला एवढे गाव लोटत नाही. शनिवारी सकाळी लहान गटांचे सामने सुरू होतात, एकामागून एक संघ उतरत जातात आणि शेवटी दुपारी पहिला संघ. पहिल्या संघात निवडलेला मुलगा शाळेत केवढा मोठा असतो हे सांगून कळणार नाही. मुले गॅलरीत गणवेशात रांगा करून बसतात, आठवीचा वर्ग शाळेचे गीत आणि घोषणा तोंडपाठ करून आलेला असतो, माजी विद्यार्थी नातवंडांना घेऊन येतात. आफीज आणि शेजारची इंग्रजी माध्यमाची प्रिटोरिया बॉइज हाय यांच्यातला वार्षिक सामना एकदा जाऊन पाहा. शंभर वर्षांपूर्वीची इंग्रज-बोअर चुरस दोन शाळांच्या मैदानावर किती खिलाडूपणे उतरली आहे, ते दिसते. १९६४ पासून होणारी क्रेव्हन वीक ही प्रांतांच्या शालेय संघांची रग्बी स्पर्धा. तिथे निवड होणे हे इथल्या कितीतरी घरांचे स्वप्न असते.

मुलाला रग्बी खेळू द्यायचे की नाही, हा तुमचा निर्णय. डोक्याला मार बसण्याची भीती खोटी नाही. सक्ती कुणी करत नाही, आणि धावणे, क्रिकेट, हॉकी, बुद्धिबळ असे पर्याय असतात. मात्र न खेळणाऱ्या मुलानेही शनिवारी मैदानावर हजर राहावे, अशी अपेक्षा असते, आणि ती योग्य आहे.

घडीच्या खुर्च्या, टोपी आणि पाण्याचा डबा घेऊन तुम्हीही जा. शाकाहारी असाल तर बूरवोर्सच्या, म्हणजे मसालेदार सॉसेजच्या, धुरातून पुढे जाऊन ब्रायब्रोइकी मागा. कांदा, टोमॅटो आणि चीज घालून निखाऱ्यावर भाजलेले ते सँडविच अतिशय चविष्ट असते. त्याच निखाऱ्यांवर भाजलेली रोस्टरकूक नावाची पावासारखी भाकरीही मिळते, लोणी-जॅम लावून खा. मेल्कटर्ट या दुधाच्या गोड पदार्थात अंडे असते. सुरुवातीला तुम्ही घरून काही घेऊन गेलात तर जास्तच नेत जा. आमच्या साबुदाणा वड्यांची मागणी पुढे शाळेच्या बासारपर्यंत गेली. बासार म्हणजे शाळेची वार्षिक जत्रा, आणि तिथल्या भारतीय खाद्यपदार्थांच्या टेबलासमोर नेहमी सर्वांत लांब रांग असते.

खेळाइतकेच गायनवृंद आणि वक्तृत्व यांना वजन आहे. १९३० मध्ये स्थापन झालेली एटीकेव्ही ही आफ्रिकान्स भाषा-संस्कृतीची संस्था शालेय वक्तृत्व, वादविवाद आणि नाटकाच्या स्पर्धा भरवते. ज्या मुलाला मैदान आवडत नाही त्याला या वाटेने पुढे करा. आपली मुले पाठांतरात आणि सभाधीटपणात कमी नसतात. परक्या भाषेत बोलणाऱ्या मुलाला तिथे सभागृह जी दाद देते, ती ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले होते.

वसतिगृहाची परंपरा जुनी आहे, शेतावर दूर राहणाऱ्या मुलांसाठी ती सुरू झाली. शहरात राहणाऱ्यांना त्याची गरज नाही. तरीही जे ठेवतील त्यांनी लक्षात ठेवावे की, नव्या मुलांची रॅगिंगसारखी छळवणूक नियमाने बंद आहे. तसे काही कानावर आले तर ‘परंपरा आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करा.

वर्णभेदाचे बोल ऐकू आले तर

हे टाळून पुढे जाता येणार नाही. बहुतेक शिक्षक आणि मुले प्रेमाने वागतात. पण कधीतरी मूल घरी येऊन सांगते की कुणीतरी त्याच्या रंगावरून, डब्याच्या वासावरून किंवा भारतीय दुकानदारांवरून काही बोलले. आमच्याही घरी असे झाले. वर्गशिक्षिकेला त्याच संध्याकाळी पत्र लिहिले, दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईचा फोन आला, आणि पुढे तो मुलगा आमच्या घरी जेवायला येऊ लागला. आम्ही गप्प बसलो असतो तर तो प्रश्न तसाच राहिला असता. तारीख, शब्द, कोण हजर होते, सगळे लिहून ठेवा. शाळेने दाद दिली नाही तर नियामक मंडळाकडे आणि मग जिल्हा शिक्षण कार्यालयाकडे जा.

हे उलट बाजूनेही पाहा. आपल्याच काही घरांत कृष्णवर्णीय मुलांबद्दल जे बोलले जाते ते मुले ऐकतात आणि वर्गात नेतात. आपल्याला या शाळेचे दार ज्यांच्या लढ्यामुळे उघडले, त्यांच्या मुलांबद्दल आपल्या घरात असे शब्द निघता कामा नयेत.

पैसे, सभा आणि पालकांचे काम

इथल्या सरकारी शाळांचे गट पाडलेले आहेत. गरीब वस्त्यांतल्या शाळांत फी नसते. उपनगरांतल्या शाळा फी घेतात आणि ती दरवर्षी पालकांच्या सभेत बहुमताने ठरते. या पैशातून सरकारने दिलेल्यापेक्षा जास्त शिक्षक नेमले जातात, मैदाने राखली जातात. उत्पन्न कमी असेल तर पूर्ण किंवा अंशतः माफी मागता येते, आणि फी भरली नाही म्हणून सरकारी शाळा मुलाला काढू शकत नाही. नोकरी गेली तर लाजून शाळा बदलू नका, माफीचा अर्ज करा. ब्लेझरसह नवा गणवेश महाग पडतो, पण बहुतेक शाळांत पालकांनी चालवलेले जुन्या गणवेशांचे दुकान असते. तिथून घेण्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही.

अंदाजपत्रकाच्या सभेला जाच. आपण फी वेळेवर भरतो, गुणपत्रिका घ्यायला जातो आणि एवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे मानतो. इथे तसे चालत नाही. सामन्याला केक विकणे, रंगमंचाचे कपडे शिवणे, मैदानावर रेघा आखणे, हे सगळे पालक करतात. हाताला काम घेतलेल्या पालकाचे मूल शाळेत परके राहत नाही. नियामक मंडळाची निवडणूक दर तीन वर्षांनी होते. हिशेब, कायदा किंवा संगणक येणाऱ्या पालकांची तिथे गरज असते. शाळेची भाषा, प्रवेश, फी या सगळ्यांवर त्या टेबलाभोवती चर्चा होते. तिथे एखादी व्यक्ती अशी असावी जिला आफ्रिकान्सबद्दल आदर आहे आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलाची काळजीही आहे. आपल्यापैकी कुणी तिथे बसावे, असे मला मनापासून वाटते.

अर्जाचे तेवढे लक्षात ठेवा

शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होते आणि डिसेंबरमध्ये संपते. चार सत्रे असतात. गौतेंग प्रांतात (प्रिटोरिया, जोहान्सबर्ग) पहिली आणि आठवीचे अर्ज सरकारी संकेतस्थळावर आदल्या वर्षाच्या मध्याच्या सुमारास भरले जातात. पश्चिम केपमध्ये त्याहून आधी. घराचा पत्ता कोणत्या शाळेच्या परिसरात येतो याला फार महत्त्व आहे, म्हणून भाड्याचा करार करण्याआधी शाळा बघा. बाकीच्या इयत्तांसाठी थेट शाळेत जाऊन विचारावे लागते. जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, मागच्या शाळेची गुणपत्रिका आणि दाखला, पत्त्याचा पुरावा, पालकांचे आणि मुलाचे व्हिसाचे कागद, हे सगळे मूळ प्रतींसह आणा. मराठी माध्यमाचे दाखले असतील तर इंग्रजी भाषांतर भारतातूनच प्रमाणित करून आणा, इथे ते करायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. एप्रिलमध्ये सातवी संपवून आलेल्या मुलाला वर्षाच्या मध्येच सातवीत बसवायचे की आठवीत, हे शाळा ठरवते. माझा सल्ला सातवीचा. उरलेल्या महिन्यांत त्याच्या कानाला भाषेची सवय होईल, आणि जानेवारीत तो आठवीच्या इतर नव्या मुलांबरोबरच, सगळ्यांसारखाच नवा म्हणून, माध्यमिक शाळेत पाऊल टाकेल.